समलैंगिकांचा प्रश्न परका कसा?

समलैंगिकांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, ‘हे अमेरिकेचं खूळ, आपला प्रश्न जातीचा.’ आम्हाला हे मान्य नाही.

अमेरिकेचेच आधी पाहू. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब्लॅक कॅट’ नावाचा बार होता. समलैंगिक माणसे तिथे जमतात म्हणून १९४९ मध्ये त्याचा परवाना निलंबित झाला. मालक सॉल स्टोमेन कोर्टात गेला. अशी माणसे येतात एवढ्यावरून परवाना काढून घेता येणार नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिला. त्याच बारमध्ये गाणारे होझे सारिया १९६१ मध्ये आपली ओळख न लपवता शहराच्या निवडणुकीला उभे राहिले. पडले, पण हजारो मते घेऊन.

दारूचा भाग सोडा. चारचौघांत जाऊन बसण्याचा हक्क कुणाला, हे भांडण आपल्याला नवे आहे का? साताऱ्यात लहान भीमरावांचे केस कापायला न्हावी तयार नव्हता, थोरली बहीण कापायची. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान मिळेनात. मिळाला तो दुप्पट भाड्याने, आणि गाडी या पोरांनीच हाकायची!

पुढे १९३४ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कोर्टात र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात कर्व्यांनी वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलैंगिकतेबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाने अशी उत्तरे दिलीच पाहिजेत, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. (हा खटला आपल्या किती शिबिरांत सांगितला जातो?)

संस्कृतीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय काढावा. पुरुषाचा पुरुषाशी संबंध तिथे ‘जातिभ्रंशकर’ पापांत मोडतो. म्हणजे मनूलाही यात जातच दिसली. ते पुस्तक बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला जाळले. त्यातले हे एक पान आम्ही का जपून ठेवायचे?

कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला वगळले गेले. पण सांगलीची माणसे निकालाची वाट पाहत बसली नव्हती. ‘संग्राम’ संस्थेचे काम तिथे १९९२ पासून आहे. त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटनाही.

येत्या १४ एप्रिलला सातारा-सांगलीतल्या व्याख्यानमालांत एक दिवस या खटल्यासाठी ठेवा. वक्ते ‘मुस्कान’मधून बोलवा, आणि त्यांना मंचावर बसवा.