तोंड कुठे, लेंड्या कुठे

साल १८८६, ऑक्टोबर महिना. अ‍ॅमस्टरडॅमहून येणाऱ्या वाफेच्या ट्राममधून तुम्ही लारेनला उतरता. गाव संपलं की माळ सुरू होतो. हेदरची जांभळी फुलं गळून गेलीत, झुडपं तपकिरी पडलीत. पायाखाली भुसभुशीत वाळू, वर ओथंबलेलं आभाळ.

घडीच्या स्टुलावर चित्रकार अंतोन मोव्ह बसलेत, वय अठ्ठेचाळीस. पाच वर्षांपूर्वी हेगमध्ये त्यांनी बायकोच्या आतेभावाच्या हाती जलरंग दिले होते. तो आतेभाऊ म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

मागे उभे राहा, उजेड मात्र अडवू नका. कागद ओला आहे. करड्या रंगाचा ब्रश टेकताच डाग पसरतो, कडा विरतात. हवा इतकी दमट की रंग लवकर वाळत नाही. तेवढ्यात त्यात निळा शिरतो, मग किंचित गेरू. नुसत्या राखाडी वाटलेल्या आभाळात आता तुम्हाला तीन रंग दिसू लागतात. क्षितिज बरंच खाली, बाकी सगळी हवाच. चित्रातल्या मेंढरांच्या पाठीवरचा उजेड कागद कोरा सोडून येत नाही. त्यासाठी मोव्ह दाट, अपारदर्शक पांढरा घेतात.

तेवढ्यात खुरांचा आवाज येतो. कळप गावाकडे परततोय. लोकरीला काय भाव मिळतो, असं तुम्ही मेंढपाळाला विचाराल, तर तो हसेल. इथली रेताड जमीन खताशिवाय राय किंवा बकव्हीट देत नाही. शेतात मेंढरं बसवणं तुम्हाला ठाऊक आहेच. इथे ती रात्री वाड्यात कोंडतात. माळावरून खरवडून आणलेल्या हेदरच्या ढेपांत लेंड्या मिसळतात आणि ते खत शेतात जातं. दिवसभर माळ चरायचा आणि रात्री तो शेतासाठी खाली टाकायचा, ही मेंढराची नोकरी.

पुढे रासायनिक खतं येतील आणि ही नोकरी जाईल. मेंढरांच्या चित्रांना मात्र अमेरिकेतून मागणी येत राहील. ‘येणारी मेंढरं’ आणि ‘जाणारी मेंढरं’ यांचे भावसुद्धा वेगवेगळे लागतील. तोंड कुठल्या दिशेला आहे ते गिऱ्हाईक बघेल. लारेनचा शेतकरी आज बघतोय ते मागे काय पडतंय एवढंच.