सेल्को फाउंडेशन : दिवा सौर, हिशेब रोजचा

महिन्याला 300 रुपये भर म्हटलं की हातगाडीवाला मान हलवतो. रोज 10 रुपये म्हटलं की तयार होतो. बेरीज तीच. पण कमाई रोज हातात येते आणि रोजच संपते, तिथं महिनाअखेरचा हप्ता जड जातो. सेल्कोचे डॉ. हरीश हांडे व्याख्यानांत हे उदाहरण हमखास देतात, आणि संस्थेचं काम समजायला तेवढं पुरे.

नावामुळे थोडा घोळ होतो. सेल्को इंडिया ही कंपनी. आयआयटी खरगपूरला शिकलेले हांडे आणि अमेरिकेचे नेव्हिल विल्यम्स यांनी ती 1995 मध्ये बंगळुरूत सुरू केली. सेल्को फाउंडेशन ही 2010 पासूनची ना-नफा संस्था. कंपनी दिवे विकते, बसवते, दुरुस्त करते. ज्यांच्यापर्यंत नुसता व्यापार पोचत नाही, त्यांच्यासाठी फाउंडेशन. हांडे यांना 2011 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला होता.

खरी अडचण पॅनेलची कधीच नव्हती, भांडवलाची होती. रॉकेलचा खर्च थोडा-थोडा होतो म्हणून दिसत नाही, सौर संचाचे पैसे मात्र एकदम मोजावे लागतात. म्हणून सेल्कोने ग्रामीण बँका, सहकारी सोसायट्या आणि बचत गटांना कर्ज द्यायला राजी केलं. सुरुवातीच्या बँकांत आपल्या भागातली, धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक होती (2005 मध्ये ती कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत विलीन झाली). तरी गरीब कुटुंब अडायचं ते मार्जिन मनीवर, म्हणजे आधी स्वतः भरायच्या रकमेवर. बँक मॅनेजरलाही वसुलीची धास्ती. देणगीचा पैसा इथं कामाला येतो. मार्जिन मनीचा भार उचलणं किंवा कर्जाला हमी देणं, असा त्याचा वापर होतो. दिवा फुकट वाटण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त पटतो, कारण हप्ता भरणारा माणूस दिवा बिघडला तर हक्काने विचारायला जातो.

शाळांची योजनाही अशीच व्यवहारी आहे. पॅनेल शाळेच्या छपरावर, दिवा मुलाच्या घरी. छोटी बॅटरी दप्तरातून शाळेत आणायची, चार्ज करून घरी न्यायची. शाळा बुडवली की रात्री घरात उजेड नाही!

अलीकडे फाउंडेशनचा भर आरोग्य केंद्रांवर आहे. सरकारसोबत 25,000 केंद्रं सौरऊर्जेवर नेण्याचं उद्दिष्ट आहे. बाळंतपणाच्या खोलीतला दिवा आणि लसींचा फ्रीज वीज गेली तरी चालू राहावा, हा हेतू.

घरगुती संचात पॅनेल वीसेक वर्षं टिकतं, बॅटरी मात्र चार-पाच वर्षांत दम तोडते. तिच्यात वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. आमच्या तालुक्यात कार्यक्रम घेऊन फुकट वाटलेले काही दिवे मी दोन पावसाळ्यांनंतर माळ्यावर पडलेले पाहिलेत. पॅनेल धड होतं, बॅटरी बदलायला कुणी आलं नव्हतं. म्हणून सेल्कोने सेवा केंद्रं गावांच्या जवळ ठेवली. घेताना किमतीच्या आधी हेच विचारा, दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत.