आर्नोस ग्रोव्ह स्थानक
लंडनच्या भुयारी रेल्वेचे पिकडिली मार्गावरील एक उपनगरी स्थानक. ते शहराच्या उत्तरेस साउथगेट भागात असून येथे रूळ जमिनीवर आहेत.

पिकडिली मार्ग १९०६ मध्ये फिन्सबरी पार्क येथे संपला. त्यापलीकडील उतारू आपल्या हातचे जाऊ नयेत, म्हणून ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९०२ च्या कायद्यातच विस्ताराला अडसर घातला होता. उत्तरेकडील रहिवाशांना तेथे उतरून ट्राम किंवा बस गाठावी लागे व रोज संध्याकाळी तेथे झुंबड उडे. अडसर दूर करण्यासाठी १९२३ मध्ये ३०,००० सह्यांचा अर्ज करण्यात आला. पुढे बेकारी कमी करण्याच्या हेतूने झालेल्या १९२९ च्या कायद्यामुळे सरकारी अर्थसाहाय्य मिळाले आणि १९ सप्टेंबर १९३२ रोजी मार्ग आर्नोस ग्रोव्हपर्यंत खुला झाला. उद्‌घाटनाचा समारंभ मात्र झाला नाही. मार्च १९३३ पर्यंत हे शेवटचे स्थानक होते. जुलैअखेर मार्ग कॉकफॉस्टर्सपर्यंत पोहोचला.

वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स होल्डन (१८७५–१९६०) व भुयारी रेल्वेचे व्यवस्थापक फ्रँक पिक यांनी १९३० मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क व स्वीडन या देशांतील नव्या इमारती पाहिल्या होत्या. त्या दौऱ्याची छाप येथे स्पष्ट दिसते. बैठ्या चौकोनी इमारतीवर विटांचा उंच दंडगोल उभा असून त्यावर काँक्रीटचे सपाट छप्पर आहे. छपराला आधार दालनाच्या मध्यावरील एकाच खांबाचा. त्याच्याच भोवती तिकीटघर बांधलेले होते. दंडगोलातील उंच खिडक्यांतून दिवसा भरपूर उजेड येतो आणि रात्री दालनच दिव्यासारखे दिसते. बाह्य अलंकरण जवळजवळ नाही. होल्डनच्या स्थानकांत हे सर्वांत यशस्वी मानले जाते, ते रास्तच आहे. १९७१ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला व २०११ मध्ये तो वाढविण्यात आला.

स्थानकाने आसपास वस्ती वाढविली. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंची जागा दूरच्या उतारूंच्या मोटारी ठेवण्यासाठी वापरली जाऊ लागली. घरांच्या तीव्र टंचाईमुळे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या परिवहन संस्थेने एका गृहनिर्माण कंपनीच्या भागीदारीत तेथे भाड्याची १६२ घरे बांधण्याची योजना आखली. मोटारतळ नाहीसा होईल, तसेच नव्या इमारतींपुढे दंडगोलाचा उठाव उणावेल, असे आक्षेप घेण्यात आले. एनफील्डच्या स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. परंतु त्याविरुद्धचे अपील २०२२ मध्ये मंजूर झाले. मूळ स्थानकाची इमारत या योजनेत कायम ठेवण्यात आली आहे.