वेलांटीची तक्रार : मराठी लेखनयंत्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ती घडविणाऱ्यांची नावे, साले आणि परिमाणे नोंदवितो. ती यंत्रे ज्यांच्या हाती पडली त्यांनी त्यांच्याविषयी काय म्हटले, याची नोंद क्वचितच राहते. कारण ते म्हणणे बहुशः कुरकुरीच्या स्वरूपाचे असते, आणि कुरकुर ही दप्तरात जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे असे कोणास वाटत नाही. संगणकाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. कचेरीतील टंकलेखिका, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, छापखान्यातील जुळारी, भ्रमणध्वनीवरून मुलास निरोप धाडणारी गृहिणी, या सर्वांनी गेल्या तीन-चार दशकांत मराठी लिहिताना यंत्राविषयी जी नाराजी व्यक्त केली, ती जाणत्यांनी वापरणाऱ्याचे अज्ञान म्हणून बाजूस सारली. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, यांपैकी पुष्कळ तक्रारी भाषाशास्त्रदृष्ट्या अचूक होत्या. त्यांच्या मागे लागले असता देवनागरीच्या घडणीविषयी आणि तिच्यासंबंधी घेतल्या गेलेल्या निर्णयांविषयी बरेच काही हाती येते.

सर्वांत जुनी व सर्वांत चिवट तक्रार पहिल्या वेलांटीची आहे. ‘मी वेलांटी आधी दाबते, आणि ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते’, या आशयाचे वाक्य ज्याने ऐकले नाही असा संगणक शिकविणारा मराठी मुलखात सापडणे कठीण. या वाक्याचा अर्थ समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या डावीकडे का, हा प्रश्न लिपीच्या इतिहासाचा आहे. अशोककालीन ब्राह्मीत ही खूण व्यंजनाच्या माथ्यावर असे. नागरीपर्यंतच्या प्रवासात ती डावीकडे वळली आणि खाली उतरून स्वतंत्र दंडासारखी उभी राहिली. अशा रीतीने उच्चारात व्यंजनानंतर येणारा स्वर लेखनात व्यंजनापूर्वी येऊन बसला. हाताने लिहिणाराला याचा काही त्रास नव्हता. खिळे जुळविणाराही डावीकडून उजवीकडे जे दिसे तेच लावीत जाई. टंकलेखनयंत्र आले तेव्हाही हाच क्रम राहिला. यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते. कागदावर डावीकडे जे उमटावयाचे त्याची कळ आधी दाबावयाची, एवढाच त्याचा नियम. ‘किती’ लिहावयाचे तर वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. रफाराची कथा याच्या उलट. ‘धर्म’ या शब्दात र हा म च्या आधी उच्चारला जातो, परंतु त्याची खूण म च्या डोक्यावर बसते. म्हणून टंकलेखक ध, म आणि शेवटी रफार असा क्रम ठेवी. ख, घ, ध, भ, श अशी काही अक्षरे तर अर्धी उमटवून त्यांस काना जोडला की पुरी होत. एका यंत्रावर सामान्यतः शंभराच्या आतच खुणा मावत, तेव्हा ही काटकसर अपरिहार्यच होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी यंत्र लिपीकडे तक्रार करीत होते. लिपीने यंत्रासाठी बदलावे, हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलाच बळावला होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी हे त्याचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण होय. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची खूण उजवीकडे न्यावी आणि दीर्घ इकारापासून तिचे वेगळेपण तिचा दंड आखूड ठेवून दाखवावे, अशी शिफारस केली. लोकांना ती मानवली नाही व काही वर्षांतच ती सोडून द्यावी लागली. वाचणाराच्या डोळ्याने यंत्राच्या सोयीवर केलेली ही मात बोलकी आहे.

संगणकाने हा वाद वेगळ्याच जागी नेऊन ठेवला. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये देवनागरी संगणनाचे जे काम चालले होते, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. त्याच सुमारास दोन गोष्टी ठरल्या. एक, १९८६ सालचा इनस्क्रिप्ट हा कळफलक, ज्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत आणि ‘क’ च्याच कळेवर ‘ख’ आहे. दुसरी, भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतावली, जिला १९९१ साली भारतीय मानकाचे रूप मिळाले. या दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : यंत्राने अक्षर दिसते त्या क्रमाने न साठविता उच्चारले जाते त्या क्रमाने साठवावे. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इकार. ‘धर्म’ म्हणजे ध, र, हलन्त, म. वेलांटी डावीकडे नेऊन बसविणे आणि रफार डोक्यावर चढविणे हे यंत्राचे काम.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा निर्णय पाहून आनंदच व्हावा. आपल्या वर्णमालेची उच्चारनिष्ठ मांडणी प्रथमच एखाद्या यंत्राने मान्य केली. लिपीला हात न लावता यंत्र तिच्यासमोर नमले. तथापि याची किंमत कोणी मोजली हे पाहिले पाहिजे. लिपी बदलली नाही, यंत्र बदलले; आणि या दोहोंमध्ये सापडलेला टंकलेखकाचा हात मात्र बदलणे भाग पडले. शासकीय नोकरीसाठी मिनिटास ३० मराठी शब्दांचा वेग ज्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावला होता, त्यांच्या बोटांत वेलांटी आधी हाच क्रम मुरलेला होता. त्यांना ‘तुमचा क्रम चुकीचा आहे’ असे सांगण्यात आले. तो चुकीचा नव्हता. तो दृश्य क्रम होता, आणि दृश्य क्रमाने लिपी साठविता येते याचे उदाहरण आजही डोळ्यांसमोर आहे : थाई लिपीत व्यंजनाच्या डावीकडे येणाऱ्या स्वरखुणा युनिकोडमध्येही व्यंजनाच्या आधीच साठविल्या जातात. सबब, देवनागरीचा उच्चारक्रम हा निसर्गनियम नव्हे. तो एक निर्णय होता. माझ्या मते तो योग्य निर्णय होता. शोध, अनुक्रम आणि कोशरचना यांना त्याचा मोठाच लाभ झाला. परंतु निर्णय योग्य असणे आणि तक्रार खोटी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या तात्त्विक क्रमाची अंमलबजावणीही सरळ झाली नाही. १९९०च्या दशकात कचेऱ्यांतून व छापखान्यांतून जे प्रत्यक्ष रुजले, ते इस्की नव्हे, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी खुणांची चित्रे बसविलेले टंक. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचाच राही. त्यावर मराठी मुखवटा चढविलेला असे. प्रत्येक व्यावसायिकाची मांडणी निराळी. टंक सोबत नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की मुखवटा गळून पडे आणि निरर्थक चिन्हांची रास दिसे. ‘फाँट फुटला’ हा शब्दप्रयोग याच काळातला. त्याच्या जोडीला ‘फाइल उडाली’, ‘कॉम्प्युटर हँग झाला’, ‘नुसते डबे दिसतात’ हेही आले. या सर्व वाक्यांत कर्ता निर्जीव व क्रियापद अकर्मक आहे, हे सहज नमूद करून ठेवतो. ‘वीज गेली’, ‘घड्याळ बंद पडले’ या जुन्या वाक्यांच्या साच्यातच मराठी माणसाने नव्या यंत्राचा राग ओतला; दोष कोणाकडेही न देता तक्रार करण्याची सोय आपल्या भाषेत मुळातच आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या मसुद्यावर आधारलेली होती. घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचावयास मात्र विंडोज २००० ही प्रणाली यावी लागली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या हातचा होय. येथून पुढे तक्रारींचे स्वरूप पालटले. आता मजकूर फुटेनासा झाला. परंतु मराठी आणि हिंदी या दोन लेखनपद्धतींतील सूक्ष्म भेद एकाच लिपीच्या नावाखाली झाकले गेल्याचे दिसू लागले. ल आणि श यांची वळणे हिंदी धर्तीची आल्याने वाचकांस खटकू लागले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरविले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. ‘ॲ’ची गोष्ट याहून गमतीची. हिंदीतील ‘ऍ’ला संकेतावलीत प्रथमपासून जागा होती. मराठी पद्धतीने अ वर चंद्र काढावयास जावे तर अ च्या शेजारी टिंबांचे एक वर्तुळ उमटे आणि चंद्र त्या वर्तुळावर जाऊन बसे. हे अक्षर स्वतंत्रपणे दाखल झाले ते युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. तोवर ‘ॲ’ने आरंभ होणारा प्रत्येक शब्द मराठी माणसाने एक तर हिंदी पद्धतीने लिहिला किंवा त्या वर्तुळासकट सोडून दिला.

याहून गंभीर प्रश्न ‘ऱ्य’चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ बोलावणे निराळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे निराळे. रफाराने मागील अक्षरावर आघात येतो, या आडव्या खुणेच्या र ने येत नाही. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. शिवाय ‘-णारा’ प्रत्ययान्त प्रत्येक शब्दाच्या सामान्यरूपात (करणाऱ्या, जाणाऱ्या, राहणाऱ्या) तो येत असल्याने मराठी गद्याच्या कोणत्याही पानावर हे अक्षर भेटतेच. इस्कीने या अर्ध्या र साठी एक चमत्कारिक तोड काढली. द्राविडी भाषांतील र चे लिप्यंतर करण्यास नुक्ता दिलेला जो ‘ऱ’ होता, त्याला हलन्त लावला की हे रूप मिळावे, अशी योजना झाली. युनिकोडने ती उचलली. परंतु त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची पद्धत होती, आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून पुढे तीही ग्राह्य राहिली. त्याखेरीज र आणि नुक्ता अलग अलग लिहूनही हेच अक्षर बनते. म्हणजे डोळ्याला तंतोतंत एकच दिसणारा ‘दुसऱ्या’ हा शब्द यंत्राच्या पोटात तीन प्रकारांनी असू शकतो. यांपैकी नुक्त्याचे दोन प्रकार प्रमाणीकरणाने एक होतात. अदृश्य चिन्हाचा प्रकार तसाच वेगळा राहतो. ‘शब्द समोर दिसतो आहे आणि शोधले तर संगणक म्हणतो, नाही’, ही तक्रार घेऊन येणारा विद्यार्थी भ्रमिष्ट नसतो. शब्दवारंवारतेची कोष्टके करणाराने तर हे आधी तपासल्याशिवाय एकही आकडा छापू नये.

हीच गोष्ट अक्षर म्हणजे काय या प्रश्नाशी येऊन भिडते. ‘क्षि’ हे वाचणाराला एक अक्षर. यंत्राला क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक. खोडावयाची कळ एकदा दाबली की वेलांटी जाते, ‘क्ष’ राहतो. ‘एक अक्षर पुसायला चारदा दाबावे लागते’ असे म्हणणारी व्यक्ती अक्षर ही संज्ञा आपल्या व्याकरणपरंपरेच्या अर्थानेच वापरीत असते. भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांत तर या फरकाचे पैसे पडत. रोमन लिपीतील संदेशास १६० चिन्हांची जागा असे. देवनागरीचे एकही चिन्ह आले की ती ७० वर येई, आणि त्या ७० मध्ये काने, मात्रा, हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजले जात. मराठी तरुणांनी रोमन लिपीत मराठी लिहावयास आरंभ केला, याचे खापर त्यांच्या भाषाप्रेमाच्या अभावावर फोडणाऱ्या विद्वानांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावयास हवा होता. सवय मात्र खर्चाचे कारण उरले नाही तरी टिकली. आज पुष्कळजण रोमन अक्षरे दाबून देवनागरी मिळवितात, आणि ‘कळ’ हवे असता ‘कल’ आले, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आले, म्हणून चिडतात. रोमन लिपीत ळ आणि ण यांना घर नाही, हे त्या चिडण्याचे मूळ.

शेवटी, आपल्या विभागांतील संशोधकांच्या कामाची एक गोष्ट. १९९० ते २००५ या काळात लिहिलेले अनेक मराठी प्रबंध वर वर्णन केलेल्या मुखवट्याच्या टंकांत अडकलेले आहेत. छापील प्रत ग्रंथालयात असते. संगणकीय प्रत उघडते, पण वाचता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून देणारे परिवर्तक उपलब्ध आहेत व त्यांचा अवश्य उपयोग करावा. मात्र जुना मजकूर दृश्य क्रमाने लिहिलेला आणि नवा उच्चारक्रमाने लिहावयाचा असल्याने प्रत्येक वेलांटीला उडी मारून व्यंजनापलीकडे जावे लागते आणि प्रत्येक रफाराला मागे यावे लागते. जोडाक्षर आले की ही उडी चुकण्याचा संभव वाढतो. यास्तव परिवर्तन झाल्यावर मुद्रिताशी ताडून पाहताना ‘स्थिती’, ‘व्यक्ती’, ‘मूर्ती’, ‘कर्त्यांनी’ यांसारख्या शब्दांवर प्रथम नजर टाकावी, आणि त्यानंतर सर्व ‘ऱ्य’ एकाच संकेतात आहेत की नाहीत हे पाहावे.