जे अपेक्षित, ते स्वस्त: हफमनपासून कॅबॅकपर्यंत

आज आपण व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या शेवटच्या पायरीचा इतिहास पाहणार आहोत. चित्रफीत मोबाइलवर पोचण्याआधी तिच्यावर बरेच संस्कार होतात. एका चौकटीवरून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधतात, डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळतात. मग जे उरतं, ते आणखी काहीही न गाळता कमीत कमी बिटांत लिहायचं. याला म्हणतात एन्ट्रॉपी कोडिंग.

कल्पना आपल्याला परकी नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि आपल्या तार खात्याने शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. इकडून क्रमांक जायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. हे जमायचं, कारण यादी दोन्ही टोकांना आधीपासून होती. 'दोघांना आधीच माहीत असणं' हा मुद्दा मनात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

१९४८ साली बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी माहितीला माप दिलं. संदेशाचा अर्थ त्यांनी बाजूला ठेवला. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे प्रथम खटकतं. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: संदेश किती अनपेक्षित आहे? शक्यता निम्मी असेल तर खर्च १ बिट, एक अष्टमांश असेल तर ३ बिट. शंभरात नव्व्याण्णव वेळा घडणारी गोष्ट सांगायला जेमतेम ०.०१५ बिट पुरावा. सरासरी खर्चाची ही खालची मर्यादा. तिच्याजवळ व्यवहारात पोचायचं कसं, हा प्रश्न मात्र उरला.

१९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांना मुभा दिली: परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. निबंधाचा विषय होता सर्वांत आखूड संकेत. फॅनो यांनाही तो पूर्ण सुटला नव्हता. ते चिन्हांच्या यादीचे वरून खाली भाग पाडत. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने उलट केलं: सर्वांत दुर्मीळ दोन चिन्हं एकत्र बांधायची, मग पुन्हा तेच, असं खालून वर झाड उभारायचं. १९५२ मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली.

तिच्यात एक अडचण होती. प्रत्येक चिन्हाला निदान एक पूर्ण बिट द्यावाच लागतो. शंभरात नव्व्याण्णव वेळा 'नाही' असंच उत्तर येत असेल, तर एकेका उत्तरामागे सरासरी ०.०८ बिट पुरतात. तिथे आपण एक मोजतो, म्हणजे बारा पट! व्हिडिओत तर अशी उत्तरं फार.

यावरचा तोडगा अरिथमेटिक कोडिंग. १९७६ मध्ये आयबीएमचे योर्मा रिसानेन आणि स्टॅनफर्डचे रिचर्ड पास्को यांनी तो स्वतंत्रपणे व्यवहार्य केला. ० ते १ ही रेघ घ्या. प्रत्येक चिन्हागणिक, त्याच्या शक्यतेच्या प्रमाणात, तिचा तुकडा आखूड करत जा. शेवटी उरलेल्या तुकड्यातली एक संख्या म्हणजे सगळा संदेश. एकेका चिन्हाला वेगळा बिट देण्याची गरजच संपली.

मग ही रीत लगेच सर्वत्र का रुजली नाही? एक मोठं कारण पेटंट. १९९२ च्या जेपेग मानकात दोन्ही पद्धती होत्या, पण अरिथमेटिक पद्धतीवर पेटंटं होती म्हणून जवळजवळ सर्वांनी हफमनच वापरला. आपले फोटो वर्षानुवर्षं गरजेपेक्षा थोडे जड राहिले.

२००३ च्या एच.२६४ मानकात कॅबॅक आला. डेटलेव्ह मार्पे, हायको श्वार्त्स आणि थॉमस वीगांड यांच्या त्याच वर्षीच्या लेखात, त्याच मानकातल्या जुन्या धर्तीच्या पद्धतीपेक्षा ९ ते १४ टक्के बचत नोंदवली आहे. कॅबॅक सगळी माहिती हो-नाहीच्या प्रश्नांत मोडतो, शेजारच्या भागात काय घडलं ते पाहून अंदाज निवडतो आणि प्रत्येक उत्तरानंतर तो अंदाज सुधारतो. उलगडणारं यंत्रही त्याच उत्तरांवरून तेच शिकतं, त्यामुळे कोष्टक पाठवावंच लागत नाही. तारखात्याची यादी आता दोन्ही टोकांना आपोआप तयार होत जाते!

याची किंमत वेळेत मोजावी लागते. मागचं उत्तर हाती आल्याशिवाय पुढचं उलगडत नाही, त्यामुळे काम वाटून घेता येत नाही. म्हणून २०१३ च्या एचईव्हीसीत, ज्यांचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही असे बिट शक्यतो एकत्र ठेवले, म्हणजे ते भराभर उरकता येतात. २०२० च्या व्हीव्हीसीत प्रत्येक अंदाजासाठी दोन हिशेब असतात, एक चटकन बदलणारा आणि एक सावकाश, आणि त्यांची सरासरी घेतात.

दरम्यान पोलंडच्या यारेक डुडा यांनी एएनएस ही वेगवान रीत मांडली आणि पेटंट न घेता सर्वांसाठी खुली ठेवली. पुढे व्हिडिओतील तिच्या वापरावर गूगलने पेटंटसाठी अर्ज केला. डुडा यांनी जाहीर हरकत घेतली. २०२२ मध्ये तिच्या एका प्रकारातील सुधारणांवर मायक्रोसॉफ्टला अमेरिकेत पेटंट मिळालं.

संशोधनावर वर्षानुवर्षं पैसा घालणाऱ्यांचा मोबदल्याचा दावा आपण सरसकट उडवून लावू नये. पण संकेताचं स्वरूपही विसरू नये. तो एकट्यापाशी असून उपयोग नाही, पलीकडच्यालाही तो माहीत असावाच लागतो. ज्याचं मोलच दोघांच्या सामाईक माहितीत आहे, त्याला कुंपण घालावं तर कुठवर? हफमनने पेटंट घेतलं नाही, आणि त्याचं झाड सत्तर वर्षांनंतरही जगभरच्या यंत्रांत चालू आहे. हे उदाहरण समोर ठेवून आपण तो प्रश्न विचारत राहू.