मद्यासक्तीला कारणीभूत घटक

मद्यासक्ती म्हणजे शरीराची, कुटुंबाची वा कामाची हानी होत असूनही मद्यपानावर नियंत्रण न राहण्याची अवस्था होय. बोलीभाषेत तिला दारूचे व्यसन किंवा मद्यपाश म्हणतात. वैद्यकशास्त्र तिला आजार मानते. ती कोणत्याही एका कारणाने उद्भवत नाही. आनुवंशिकता, बालपण, संगत, मानसिक आरोग्य आणि मद्याची उपलब्धता हे घटक एकत्रितपणे कार्य करतात व त्यांचा प्रभाव वयानुसार बदलतो.

व्याप्ती

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, भारतात १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के व्यक्ती मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज असल्याचे त्यात नमूद आहे.

आनुवंशिकता

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार मद्यासक्तीच्या धोक्यातील फरकांपैकी साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो. त्यामागे एकच जनुक नसून अनेक जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. काही जनुकभेद संरक्षकही ठरतात. पूर्व आशियातील अनेकांमध्ये ॲसिटाल्डिहाइडचे विघटन मंदावते. परिणामी मद्य घेताच चेहरा लाल होतो, मळमळते आणि अशा व्यक्ती सहसा कमी मद्यपान करतात. मद्यपी पालकाच्या अपत्यास धोका अधिक असला, तरी व्यसन अटळ नसते.

बालपण

गर्भारपणातील मद्यपानामुळे बाळाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. पुढे मारहाण, उपेक्षा, लैंगिक अत्याचार किंवा घरातील व्यसन यांचा अनुभव घेतलेल्या मुलांमध्ये प्रौढपणी मद्यासक्तीचे प्रमाण अधिक आढळते. विश्वासाचे एखादे वडीलधारे माणूस आणि शाळेशी टिकलेले नाते यांमुळे हा धोका कमी होऊ शकतो.

पौगंडावस्था

या वयात मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भाग लवकर सक्रिय होतो. मात्र आवर घालणारा अग्रभाग पंचविशीच्या आसपास पूर्ण विकसित होतो. त्यात मित्रमंडळींचा आग्रह, कुतूहल आणि चित्रपट व जाहिरातींचा प्रभाव यांची भर पडते. अमेरिकेतील १९९७ च्या एका अभ्यासात, १५ वर्षांपूर्वी मद्यपान सुरू करणाऱ्यांत पुढे मद्यासक्ती होण्याचे प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. लवकर सुरुवात हे यामागील एकमेव कारण नसले, तरी तो धोक्याचा ठळक इशारा मानला जातो.

प्रौढावस्था

नैराश्य, चिंता, निद्रानाश, बेरोजगारी आणि कामाचा ताण यांवर उतारा म्हणून मद्य घेतले जाते. प्रत्यक्षात त्याने झोप व मनःस्थिती अधिकच बिघडते. शरीराला सवय झाल्याने पूर्वीइतक्या परिणामासाठी अधिक मात्रा लागते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा त्यांच्यावर अधिक परिणाम होतो. लोकनिंदेच्या भीतीने त्या अनेकदा उपचारांपासून दूर राहतात.

वृद्धावस्था

निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, एकाकीपणा आणि जुनाट दुखणी यांमुळे उतारवयातही व्यसन सुरू होऊ किंवा वाढू शकते. शरीरातील पाणी घटल्याने थोडे मद्यही बाधते. झोपेच्या व मधुमेहाच्या औषधांसोबत ते धोकादायक ठरते. तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे वयाची समजली गेल्याने निदान लांबते.

सामाजिक घटक

मद्याची किंमत, दुकानांची संख्या आणि समाजमान्यता यांचा परिणाम सर्वच वयोगटांवर होतो. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीने धोका लवकर ओळखता येतो. समुपदेशन, औषधे आणि कुटुंबाचा सहभाग हे उपचारांचे मुख्य भाग आहेत. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते अचानक बंद केल्यास झटके वा भ्रम होऊन जीवास धोका संभवतो. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे लागते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या परस्पर-साहाय्य गटाच्या सभा महाराष्ट्रातही होतात. पुन्हा पिणे सुरू होणे हे उपचारांचे अपयश न मानता, इतर जुनाट आजारांप्रमाणेच उपचार पुढे चालू ठेवले जातात.