मेंदूतील अर्बुदाची सीमा

१९२८ साली अमेरिकन शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमा या अर्बुदासाठी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा गोलार्ध काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. गोलार्ध उजवाच, कारण बहुतेकांची वाणी डाव्यात वसते. तरीही रोग उलटला. अर्बुदाला निश्चित कड असते, हे गृहीतच फसवे होते. शेरर यांनी १९३८च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाने दाखविले की, या पेशी श्वेतद्रव्यातील तंतूंच्या व रक्तवाहिन्यांच्या आश्रयाने दूरवर पसरतात. पण ती पाहणी मृतांच्या मेंदूची.

लाउटरबुर यांनी १९७३ साली चुंबकीय अनुनादाने प्रतिमा मिळविली, तेव्हा जिवंत मेंदूचा मार्ग खुला झाला. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीने सहज सरकतात, आडवे अडखळतात. या भेदावरून बॅसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तंतूंची दिशा मोजण्याची रीत मांडली. शस्त्रवैद्याला वाणीचे तंतू वाचवावयाचे असतात आणि रोग नेमका त्यांच्याच वाटेने जातो. म्हणून हा नकाशा मोलाचा. मात्र त्याला ‘प्रसाराचा नकाशा’ म्हणणे सैलपणाचे होय. त्यात दिसते ती पाण्याची हालचाल. सूज कोठे संपते व विखुरलेल्या पेशी कोठे सुरू होतात, हे तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही.